तुश्रत्ता म्हणजे दशरथ नव्हे

"तुर्कस्तानात सापडलेल्या शिलालेखावर इंद्र, वरुण, मित्र! साडेतीन हजार वर्षांपूर्वी सीरिया-इराकवर राज्य करणारे मितन्नी सम्राट वैदिक हिंदू होते आणि भारतातून तिकडे गेले होते. त्यांची राजभाषा संस्कृत. राजाचं नाव दशरथ. त्याची मुलगी इजिप्तची महाराणी नेफर्टिटी झाली आणि तिनंच तिथं सूर्योपासना रुजवली. हे आपल्यापासून लपवलं गेलं, कारण..." कारणाच्या पुढे काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हा मजकूर कधी मातीच्या पाटीच्या फोटोसह, कधी रथाच्या चित्रासह मराठी गटांवर फिरत असतो आणि खाली 'अभिमान आहे' म्हणणाऱ्यांची रांग लागते.

अडचण अशी की यातलं सगळंच खोटं नाही. सगळंच खोटं असतं तर दोन ओळींत निकाल लागला असता. म्हणून आधी खरं काय ते घेऊ.

मितन्नी नावाचं बलाढ्य राज्य होतं. इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपास उत्तर मेसोपोटेमियात, आजच्या ईशान्य सीरियातल्या खाबूर नदीच्या खोऱ्यात ते उभं राहिलं. भरात असताना त्याची सत्ता पूर्वेला किर्कूकजवळच्या नुझीपासून पश्चिमेला भूमध्य समुद्राजवळच्या अलालाखपर्यंत होती. शौश्तातर राजानं अश्शूर शहर लुटलं आणि तिथला सोन्या-चांदीचा दरवाजा उचलून आपल्या राजधानीत, वाशुकन्नीला आणला. या घराण्यातल्या राजांची नावं बऱ्याच अंशी भारतीय-आर्य धाटणीची आहेत, हेही खरं. अर्ततम, अर्तशुमार, शत्तिवाज ही नावं ऐकताना ऋत, स्मर, वाज हे शब्द कानाला ओळखीचे वाटतात आणि ती ओळख खोटी नाही. हत्ती (हिटाइट) राजा सुप्पिलुलिउमा आणि मितन्नीचा शत्तिवाज यांच्यात इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या मध्यावर करार झाला. त्यात साक्षीदार देव म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे आपले अश्विनीकुमार, यांची नावं आहेत. काळ नक्की सांगता येतो अशा लेखी पुराव्यात हे देव त्याआधी कुठंही आढळत नाहीत. अंगावर रोमांच यावेत अशीच ही गोष्ट आहे. फॉरवर्डवाल्यांनी इथंच थांबायला हवं होतं.

"राजभाषा संस्कृत होती." नव्हती. ज्याला 'संस्कृत शिलालेख' म्हणतात तो मुळात शिलालेखच नाही. तो मातीच्या पाटीवर कीलाकार लिपीत लिहिलेला आहे आणि त्याची भाषा अक्कादी, म्हणजे मेसोपोटेमियाची जुनी भाषा आहे, कारण त्या काळी दरबारादरबारांतला पत्रव्यवहार अक्कादीतच चालायचा. मितन्नीत घरीदारी बोलली जाणारी भाषा होती हुरियन. तिचं संस्कृतशी नातं नाही, इराणीशी नाही आणि अक्कादीशीही नाही. तिची जवळची म्हणता येईल अशी एकच बहीण, आर्मेनियाच्या बाजूच्या उरार्तू या जुन्या राज्याची भाषा. मितन्नीच्या तुश्रत्ता राजानं (फॉरवर्डमधला 'दशरथ' तो हाच) इजिप्तच्या फॅरोला पाठवलेलं एक लांबलचक पत्र इजिप्तमध्ये अमार्ना इथं मिळालं आणि आज ते बर्लिनच्या संग्रहालयात आहे. जवळपास पाचशे ओळींचं हे पत्र, सुरुवातीच्या अभिवादनाच्या काही अक्कादी ओळी सोडल्या तर, सगळं हुरियन भाषेत आहे. संस्कृत बोलणारा राजा आपल्या जिव्हाळ्याच्या पत्रासाठी हुरियन का वापरेल?

मग भारतीय-आर्य काय उरतं? राजांची नावं, काही सरदारांची नावं, ते चार देव आणि घोड्यांच्या धंद्यातले शब्द. किक्कुली नावाच्या मितन्नी अश्वशिक्षकाचा घोडे तयार करण्याचा ग्रंथ हत्ती राजधानीत सापडला. कोणत्या दिवशी किती दौड, किती दाणा, कधी पाणी, असा कित्येक महिन्यांचा बारीक हिशेब त्यात आहे. धावपट्टीवरच्या फेऱ्यांसाठी त्यात ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नवर्तन्न असे शब्द येतात. एक, तीन, पाच, सात, नऊ हे कुणीही ओळखेल. पण त्या ग्रंथाची भाषा हत्ती आणि किक्कुली हे नाव हुरियन! म्हणजे हे शब्द तोवर धंद्याची परिभाषा होऊन बसले होते. त्या तालमीत आता कोण कुठली मातृभाषा बोलतं याच्याशी त्यांचा फारसा संबंध उरलेला नव्हता. आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानावर 'ओव्हर' आणि 'विकेट' ओरडणारी पोरं इंग्रज ठरत नाहीत, तसंच हे.

"राजघराणं वैदिक धर्माचं होतं." इथं करारातली यादी जरा जवळून पाहावी लागेल, कारण फॉरवर्डमध्ये तिच्यातले चारच देव ठेवून बाकीचे गाळलेले असतात. मितन्नीच्या बाजूची यादी सुरू होते ती आकाश-पृथ्वीचा स्वामी असलेल्या वादळदेवापासून. हुरियन लोक त्याला तेशुब म्हणत. मग चंद्र आणि सूर्य. मग हर्रानचा चंद्रदेव. मग आणखी गावोगावचे वादळदेव, ज्ञानाचा स्वामी एआ-शर्री, नंतर मेसोपोटेमियातले जुने मातब्बर अनू, अंतू, एन्लिल, निन्लिल. एवढी मंडळी येऊन गेल्यावर मित्र, वरुण, इंद्र, नासत्य यांचा नंबर लागतो आणि त्यांच्या मागून पुन्हा स्थानिक देव सुरू होतात. मित्र आणि वरुण यांच्या नावांना तर हुरियन प्रत्यय चिकटलेले आहेत. लिहिणाऱ्यानं ही नावं हुरियन तोंडून ऐकली होती, हे त्यातून दिसतं.

करार सोडला तर काय मिळतं? तुश्रत्ताच्या पत्रांत तेशुब आहे, देवी शौश्का आहे, सूर्यदेव शिमिगे आहे, यजमानाचा मान म्हणून इजिप्तचा आमूनही आहे. इंद्र-वरुण नाहीत. इजिप्तचा फॅरो अमेनहोतेप तिसरा याच्याकडे तुश्रत्तानं निनेव्हच्या देवीची मूर्ती मुद्दाम पाठवली आणि काम झालं की सन्मानानं परत पाठवा, असंही लिहिलं. यज्ञ, सोम, ऋचा यांतलं काहीही मितन्नीच्या कागदपत्रांत दिसत नाही. घराण्याच्या पूर्वजांनी आणलेले चार देव शपथेपुरते जपले गेले, एवढंच म्हणता येतं. तेही थोडं नाही, पण त्याला वैदिक साम्राज्य म्हणणं म्हणजे शुद्ध ओढाताण.

"तुश्रत्ता म्हणजे दशरथ." हा मुद्दा मला सगळ्यात मजेशीर वाटतो. नावाचा शेवट 'रथ' आहे हे बरोबर. पण काही पत्रांत हेच नाव 'तुइशेरत्ता' असं लिहिलेलं आहे, आणि त्यावरून त्याचं मूळ 'त्वेषरथ' असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे ज्याचा रथ आवेशानं धावतो तो. हा शब्द ऋग्वेदातही आहे. 'दश'चा इथं मागमूस नाही.

बरं, नाव बाजूला ठेवू आणि माणूस पाहू. तुश्रत्ताच्या बापाचं नाव शुत्तर्ण. मोठा भाऊ अर्तशुमार गादीवर असताना त्याचा खून झाला आणि खुन्यानं कोवळ्या वयाच्या तुश्रत्ताला गादीवर बसवलं. पुढे तुश्रत्तानं भावाच्या मारेकऱ्यांना ठार केलं आणि ते अभिमानानं फॅरोला कळवलं. बहीण केलुहेपा आधीच इजिप्तच्या अंतःपुरात होती, ३१७ बायकांचा लवाजमा घेऊन गेलेली. मग मुलगी तादुहेपाही तिथंच दिली. बदल्यात याला हवं होतं सोनं. तुमच्या देशात सोनं मातीसारखं पडलंय, मला भरपूर पाठवा, हे त्याच्या पत्रांतलं पालुपद.

त्यातलं सोन्याच्या पुतळ्यांचं प्रकरण तर वाचण्यासारखं आहे. म्हाताऱ्या अमेनहोतेपनं तुश्रत्ताला भरीव सोन्याचे पुतळे कबूल केले होते. तो वारला आणि गादीवर आलेल्या मुलानं, पुढे अखेनातेन म्हणून गाजलेल्या राजानं, पाठवले ते लाकडाचे, वरून सोन्याचा पत्रा मारलेले. तुश्रत्ता इतका दुखावला की त्यानं थेट राजमाता तिये हिला पत्र घातलं: तुमच्या यजमानांशी काय बोलणं झालं होतं ते तुम्हाला सगळ्यांत चांगलं ठाऊक आहे, आता मुलाला समजवा. पुढची पत्रंही त्याच रडगाण्यानं भरलेली आहेत. शेवटी त्याच्याच एका मुलानं नोकरांशी संगनमत करून त्याला मारलं. दुसरा मुलगा हत्ती राजाच्या आश्रयाला पळाला, त्याचा जावई झाला आणि त्याच्या सैन्याच्या बळावर गादीवर बसला. तोच करारातला शत्तिवाज. त्याचं जन्माचं नाव मात्र हुरियन होतं, किलितेशुब. 'शत्तिवाज' हे राजा म्हणून घेतलेलं नाव. घराण्याची भारतीय-आर्य नावं बिरुदासारखी कशी वापरली जात, याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

यात अयोध्या कुठं बसवायची ते बसवणाऱ्यानं सांगावं.

"तादुहेपा म्हणजे नेफर्टिटी, सूर्यपूजा तिनं नेली." तादुहेपा नाव हुरियन, त्यातली 'हेपा' म्हणजे हुरियनांची देवी हेबात. ती आणि नेफर्टिटी एकच, ही कल्पना जुन्या काळी काहींनी मांडली होती. आज ती फारसं कुणी धरत नाही. नेफर्टिटीची दाई तेये ही इजिप्शियन अधिकारी आय याची बायको होती, म्हणजे नेफर्टिटी लहानपणापासून इजिप्तमध्येच होती असं मानायला जागा आहे. आणि सूर्यपूजा? इजिप्तमध्ये रा देवाची उपासना पिरॅमिडांच्या काळापासून चालू होती. सूर्य इजिप्तला बाहेरून आणावा लागला नाही.

आता कळीचा मुद्दा: "हे लोक भारतातून गेले." इथं भाषेतच शिरावं लागतं, इलाज नाही. किक्कुलीचा शब्द 'ऐक' आहे, इराणी शाखेसारखा 'ऐव' नाही. म्हणून ही मंडळी भारतीय-आर्य शाखेची, इराणी नव्हेत, हे ठरतं. फॉरवर्डवाले इथं टाळी घेतात. पण तोच शब्द उलटही बोलतो. ऋग्वेद ज्या रूपात आपल्याकडे पाठ होत आला त्यात 'एक' आहे, 'ऐक' हे त्याच्या आधीचं रूप. तसंच 'प्रियमेध' या वैदिक नावाचा जोडीदार त्या बाजूला 'बिरियमश्द' असा दिसतो. 'अझ्द'चा 'एध' होण्याआधीची ती अवस्था. ऋग्वेदाची भाषा बोलणारे लोक पंजाबातून निघून तिकडे गेले असते, तर वाटेत त्यांचे शब्द आणखी जुने कसे झाले असते? भाषा मागे चालत नाही. दोन्ही शाखा एकाच जुन्या भाषेतून फुटल्या, एक आग्नेयेला आली आणि दुसरी नैर्ऋत्येला गेली, हे बहुतेक भाषाशास्त्रज्ञांचं मत याच ओळखीवर उभं आहे. आरे असलेल्या चाकांचे सर्वांत जुने रथ उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताष्टा संस्कृतीच्या थडग्यांत मिळाले आहेत, साधारण इ.स.पू. २००० च्या आसपासचे. रथ आणि घोडे हेच ज्यांचं भांडवल होतं त्या मितन्नी सरदारांची कुळकथा तिकडे बोट दाखवते.

यावर, ही मंडळी भारतातूनच गेली याचा पुरावा म्हणून वशिंडाचे बैल पुढे केले जातात. साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून पश्चिम आशियातल्या गुरांत भारतीय वशिंडवाल्या जातीचा अंश वाढला, हे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. पण सिंधू खोरं आणि मेसोपोटेमिया यांचा व्यापार मितन्नीच्या कितीतरी आधीचा आहे. अक्कादच्या राजांच्या काळात 'मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी' असं कोरलेली एक मुद्राच आहे; मेलुह्हा म्हणजे सिंधू खोरं असं बहुतेक अभ्यासक मानतात. बैल यायला राजघराणं यावं लागत नाही, व्यापारी पुरतात.

"हे लपवलं." कुणी आणि कुठं? ह्यूगो विंकलर या जर्मन संशोधकानं या कराराच्या पाट्या तुर्कस्तानात बोगाझकोई इथं, म्हणजे जुन्या हत्ती राजधानीत, १९०६-०७ च्या उत्खननात काढल्या. १९०९ मध्ये हर्मान याकोबी या जर्मन पंडितानं लंडनच्या नियतकालिकात वैदिक देवांवरून वाद सुरूही केला होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या कुणालाही विचारा, बोगाझकोई हा तिथला घासून गुळगुळीत झालेला प्रश्न आहे. आणि खुद्द लोकमान्य टिळकांनी १९१७ च्या भांडारकर गौरवग्रंथातल्या लेखात अथर्ववेदातले तैमात, आलिगी, विलिगी हे शब्द मेसोपोटेमियातून आलेले असावेत, असं मांडलं होतं. वेदांत बाहेरचे शब्द आहेत असं लिहिताना टिळकांना संकोच वाटला नाही.

शाळेत ज्यांच्याबद्दल खरोखरच कुणी चकार शब्द काढत नाही, ते हुरियन. मितन्नीच्या किमान सात-आठशे वर्षं आधी, खाबूरच्याच प्रदेशात उर्केश इथं त्यांचे राजे नांदत होते. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित या प्राचीन शहरात सापडलेलं निक्कल देवीचं स्तोत्र, स्वरांच्या खुणांसह जवळजवळ पूर्ण हाती आलेलं जगातलं सर्वांत जुनं गाणं, हुरियन भाषेतच आहे. मितन्नीची शेतं त्यांनी कसली, पाट्या त्यांनी लिहिल्या, राजाच्या मुलींची नावं त्यांच्या देवीवरून ठेवली गेली. फॉरवर्डमध्ये त्यांचं नावही येत नाही.