एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्हाला त्रास झाला, माफी मागतो. पण "साधा एक प्रोग्राम टाकायला चार दिवस, 900 रुपये, अन् बिल छापूनच निघत नाही" असं तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलं, तर मीही इथंच सांगतो.

चार दिवस कोणते जी? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेव्हा तुम्ही कॉम्प्युटर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी पोळा. तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोळ्याला आपल्या गावात कोणतं दुकान उघडं असते? तुमचं कृषी केंद्रही बंदच होतं, आमची जोडी तिथूनच गेली. तरी तान्ह्या पोळ्याच्या दुपारी पोराचा लाकडी नंदी सजवायचा सोडून मी दुकानात बसलो. पोरगं अजून रुसून आहे. चौथ्या दिवशी सकाळी 11 ला तुम्हाला फोन केला.

अन् साधा नाही तो प्रोग्राम. तुमचा हिशेबाचा प्रोग्राम डॉसवरचा (विंडोजच्या आधीची जुनी सिस्टीम), 16 बिटचा. तुमच्या नव्या डब्यातलं विंडोज 11 येतेच 64 बिटमध्ये, त्यावर 16 बिटचं काही सुरूच होत नाही, कोणीही टाकलं तरी. म्हणून तुमचा जुना कॉम्प्युटर उघडला (आत पालीची अंडी निघाली, ती सफाई फुकट), हार्ड डिस्क काढून 2004 पासूनची खाती उतरवली अन् डॉसबॉक्समध्ये (नव्या कॉम्प्युटरवर जुना डॉस चालवून देणारं सॉफ्टवेअर) प्रोग्राम चालवला. एक खातं तुम्ही स्वतः उघडून "बरोबर आहे" म्हणाले होते. डॉसबॉक्स फुकट मिळते, हे तुमच्या पुतण्याचं म्हणणं खरं आहे. 900 रुपये माझ्या बसण्याचे आहेत.

राहिली छपाई. तुमचा डॉट मॅट्रिक्स जाड पॅरलल केबलचा, नव्या डब्याला ते पोर्टच नाही. प्रिंटर सोबत आणा, असं दोनदा म्हटलं. तुम्ही म्हणाले, "आधी चालू तर करा." प्रिंटर न पाहता बिल कसं काढून देऊ? साध्या डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही, त्याच्याच डॉसबॉक्स-एक्स नावाच्या दुसऱ्या प्रकारात आहे, ते टाकून पाहू. हे पावतीवर लिहून द्यायला पाहिजे होतं, तेवढी चूक माझी. यापुढं लिहून देईन, आणखीही सुधारणा करून राहिलो आहे.

आमचे रिव्ह्यू एकूण नऊ आहेत भाऊ, त्यात एक स्टार लगेच दिसते. बाजाराचा मंगळवार सोडून कधीही प्रिंटर घेऊन या. मजुरी घेणार नाही. केबलचे तेवढे द्यावे लागतील.