जुने फोटो, फुकटात

आमच्या गिरगावातल्या चाळीला शंभर वर्षं होतायत म्हणून स्मरणिका काढायची ठरली, आणि 'हा दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतो' एवढ्या एका क्वालिफिकेशनवर जुन्या मुंबईचे फोटो जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बजेट किती विचारलं तर खजिनदार काका चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "बजेट कसलं? नेटवर फुकट असतं सगळं."

आता गंमत अशी की काका बरोबर होते. खरंच असतं, आणि इतकं असतं की माणूस रात्री जेवून जो बसतो तो दूधवाला बेल मारेपर्यंत उठत नाही. विकिपीडियावाल्यांच्या फोटोंचं कोठार असलेल्या विकिमीडिया कॉमन्सवरच दहा कोटींच्या वर फायली आहेत. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आहे, लंडनचं वेलकम कलेक्शन आहे, फ्लिकर या फोटोंच्या साइटवर 2008 पासून 'द कॉमन्स' म्हणून प्रकार आहे जिथे जगभरच्या लायब्रऱ्या आपापले जुने फोटो टाकतात. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने 2020 मध्ये एका झटक्यात 28 लाख इमेजेस मोकळ्या केल्या, घ्या म्हणाले, काय करायचं ते करा. आमच्याकडे सोसायटीच्या मिनिट्सची झेरॉक्स मागितली तरी अर्ज लिहून दे म्हणतात.

फक्त शोधायचं कसं हे कळायला हवं. नुसतं बॉम्बे टाकलं की डेलावेअर राज्यातलं बॉम्बे हुक येतं, तिथली दलदल, तिथली बदकं. गिरगाव शोधायचं तर स्पेलिंगच्या शेवटी एम लावून बघा, परळला दोन एल लावा, कारण कॅप्शन लिहिणाऱ्या साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं आणि ते तसंच कॅटलॉगमध्ये जाऊन बसलं. आणि फोटो सापडला की त्याच्याखालची राइट्सची ओळ वाचायची, ही मात्र कळकळीची विनंती, कारण गुगलवर दिसला म्हणजे फुकट असं नसतं. पब्लिक डोमेन (म्हणजे कॉपीराइटच नाही) किंवा सीसी झीरो असेल तर बिनधास्त (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, मालकाने आधीच देऊन ठेवलेली वापराची परवानगी), सीसी बाय असेल तर काढणाऱ्याचं नाव द्यायचं, आणि पुढे एनसी, म्हणजे नॉन-कमर्शियल, असेल तर व्यावसायिक वापर नको, म्हणजे आमच्या स्मरणिकेत तो टाकायच्या आधी दहादा विचार करायचा कारण तिच्यात मजकूर कमी आणि फरसाणवाल्यांच्या जाहिराती जास्त. लायब्ररी ऑफ काँग्रेसवाले बऱ्याच फोटोंखाली लिहितात की प्रकाशनावर कुठले निर्बंध असल्याचं ज्ञात नाही. लग्न जमवताना आपल्याकडे 'मुलाबद्दल तसं वावगं काही ऐकलेलं नाही' म्हणतात ना, अगदी तसं. वर कडी म्हणजे तिथे फुकट असलेला फोटो जसाच्या तसा एका फोटो विकणाऱ्या साइटवर आडवातिडवा वॉटरमार्क मारून काही हजारांना ठेवलेला, आणि आमच्या सेक्रेटरीला नेमका तोच सापडला. "बघ, महाग आहे म्हणजे ओरिजिनल असणार."

असो. मी रात्र रात्र बसून एक फोल्डर केला आणि मीटिंगला लॅपटॉप घेऊन गेलो.

पहिला फोटो लावला, 1860च्या दशकातला, फोर्टचा भाग. अध्यक्ष एकदम हळवे झाले. "काय ती मुंबई! रस्त्यावर माणूस नाही बघा." आता अध्यक्षांना सांगायचं कसं की माणसं होती, भरपूर होती, पण तेव्हा काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो काढायचे आणि एक्स्पोजरला काही सेकंद लागायचे, तेवढ्यात जो चालत गेला तो फोटोत उमटलाच नाही. मी झूम करून दाखवलं. लायब्ररीवाले फोटोची बारीकसारीक न गाळता जी मोठी टिफ फाईल देतात, तिचं हे सुख आहे, आत घुसाल तेवढं दिसत जातं. बैलगाडी स्पष्ट, बैल तर इतका शांत उभा की त्याची वेसण मोजून घ्या, आणि गाडीवान म्हणजे नुसता धुराचा लोळ. कुत्र्याला दोन डोकी. भिंतीला टेकून एकजण बसलाय तो मात्र पागोट्यासकट एकदम शार्प, कारण तो हललाच नाही. म्हणजे कामाला पळणारी अख्खी मुंबई पुसली गेली आणि रिकामटेकडा तेवढा इतिहासात राहिला. हे ऐकून चौथ्या खोलीतले अण्णा, जे रिटायर झाल्यापासून गॅलरीत बसून असतात, एकदम खूश झाले.

"आभाळ पण एकदम स्वच्छ, पोल्युशन नव्हतं," काकू म्हणाल्या. अहो काकू, त्या प्लेटला निळा रंग जास्त लागायचा म्हणून आभाळ पांढरंफट्ट यायचं, ढग असले तरी दिसायचे नाहीत. "मग दोन ढग टाक की. माझ्या भाचीच्या मोबाईलमध्ये होतं ते."

आणि खरं सांगायचं तर काकूंना हसण्यात अर्थ नाही, कारण ही लबाडी तेव्हापासून चालू आहे. विल्यम जॉन्सन नावाचा फोटोग्राफर मुंबईत होता, त्याने 1860च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो असलेलं पुस्तक काढलं. त्यातल्या माणसांचे फोटो वेगळे काढले आणि वेगळ्या देखाव्यांवर बसवले. कॉम्प्युटरशिवाय फोटोशॉप! टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीच्या डिजिटल कलेक्शनमध्ये जॉन्सनच्या फोटोंचे अल्बम आहेत, बघा एकदा. माणसं मागच्या देखाव्यात जराही मिसळत नाहीत, आमच्या स्मरणिकेतल्या नगरसेवकांच्या फोटोसारखी.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटले ते वेलकम कलेक्शनमधले 1896-97च्या प्लेगचे. बाकी बरेच फोटोग्राफर टॉवर, बंगले, देवळं काढत फिरले. साध्या माणसांच्या गल्लीबोळात कॅमेरा जास्त शिरला तो प्लेग आला तेव्हा, घरांवर पाण्याचा पंप मारणाऱ्या तुकड्यांच्या मागोमाग. दारंखिडक्या, गॅलऱ्या, कडेला उभी राहून बघणारी माणसं, आमच्या पणजोबांच्या मुंबईच्या सगळ्यात जवळ जाणारे फोटो हेच. मी दोन निवडले होते. "शुभकार्यात प्लेग?" म्हणून दोन्ही बाद.

मग सेक्रेटरीने स्वतःचा मोबाईल काढला. ग्रुपवर आलेला फोटो, खाली पिवळ्या अक्षरांत 'दुर्मिळ! गेटवे ऑफ इंडिया, 1890', वर गुलाबाचं फूल. कव्हरला हाच घ्यायचा. मी म्हटलं, दादा, गेटवे बांधून झाला 1924 ला. ज्या पंचम जॉर्जच्या स्वागताची आठवण म्हणून तो बांधला तो राजाच मुंबईत उतरला 1911 ला. ताज दिसतोय आणि गेटवे नाही असा फोटो असेल तर तो 1903 नंतरचा, कारण ताज उघडलं 1903 ला, आणि ट्रामच्या डोक्यावर विजेची वायर दिसली तर 1907 च्या पुढचा, ट्राम ओढायला घोडा दिसला तर बहुतेक त्याच्या आधीचा, असं फोटो बघूनच साल काढता येतं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सेक्रेटरी म्हणाला, "1890 ला लहान असेल. नंतर वाढवला."

यावर मतदान झालं. मी हरलो.

उरलेल्या फोटोंखाली श्रेय द्यायचं म्हटलं तर वेगळाच राडा. 'सौजन्य : लायब्ररी ऑफ काँग्रेस' वाचून दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ उभेच राहिले, चाळीत पक्षाचं राजकारण नको म्हणाले. ते अमेरिकेच्या संसदेचं ग्रंथालय आहे हे पटवेपर्यंत चहा दोनदा झाला. मग पाच हजार एक देणारे देणगीदार म्हणाले, या लायब्ररीने किती दिले? काहीच नाही? मग तिचं नाव माझ्याएवढ्या टायपात कसं? एका आत्ताच्या फोटोला सीसी बाय होतं, त्याच्या मालकाचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे, ते बघून "हा कुठल्या मजल्यावरचा?" हा प्रश्न आलाच.

प्रेसमधला डीटीपीवाला त्यातल्या त्यात सरळ माणूस. मी शंभर एमबीच्या वरची टिफ पेन ड्राइव्हवर नेली तर म्हणाला एवढं ओझं कशाला, व्हॉट्सॲप कर, कोरलमध्ये टाकतो. लायब्ररीने इतक्या बारकाईने स्कॅन केलेला तो बैल व्हॉट्सॲपवरून पलीकडे पोचला तेव्हा त्याचा आणि गाडीवानाचा फरक राहिला नव्हता.

स्मरणिका छापून आली. दोन दिवसांनी खजिनदार काकांचा फोन. "फोटोंचं व्हाउचर कुठाय?"

"काका, फुकट आहेत ते."

"फुकट आहेत ते मला माहितीय रे, मीच म्हटलेलं. पण ऑडिटरला दाखवू काय? त्या लायब्ररीकडून एक पत्र आण ना. लेटरहेडवर. 'सदर मंडळास छायाचित्रे विनामूल्य दिली', खाली गोल शिक्का."

वॉशिंग्टनला गोल शिक्का मागण्यापेक्षा मी व्हाउचर बुक उघडलं. छायाचित्रे, नग चौदा, अक्षरी रुपये शून्य फक्त. घेणार म्हणून मी सही केली, देणार म्हणून कोणी करायची यावर काकांनी थोडा विचार केला आणि तिथेही मलाच करायला लावली. मग म्हणाले, रेव्हेन्यू स्टॅम्प लाव, उगाच नंतर लफडं नको. स्टॅम्प एक रुपयाचा, तो मी खिशातून आणला.

तो रुपया अजून मिळालेला नाही. काका म्हणतात, त्याचं वेगळं व्हाउचर दे.