उजनीचं पाणी, बंगालचा उपसागर आणि एक फॉरवर्ड

उजनी धरण भरून भीमेत पाणी सोडलं की सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘आपलं पाणी समुद्रात वाया चाललंय. एवढ्या अथांग समुद्राला त्यानं काय फरक पडणार? पडतो म्हणणारे एसीत बसून कॉम्प्युटरवर खेळ मांडतात.’ काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात हा राग समजण्यासारखा आहे. दावे मात्र टिकत नाहीत.

‘समुद्रात चाललंय.’ थेट नाही. भीमा रायचूरकडे कृष्णेला मिळते. पुढे जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं, मग विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. त्यातून उरेल ते आंध्रातल्या हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. २००१ ते २००४ च्या दुष्काळाअखेर जवळजवळ काही उरलंच नव्हतं.

‘काय फरक पडणार?’ मेसेजमधला सगळ्यात कच्चा दावा हाच. गोडं पाणी समुद्रात लगेच मिसळत नाही. घनमीटरभर गोड्या पाण्याचं वजन सुमारे १००० किलो, समुद्राच्या पाण्याचं १०२५. या पंचवीस किलोंमुळे नदीचं पाणी वर तरंगतं आणि खारं पाणी तळातून पाचरीसारखं नदीमुखात शिरतं. नदीचा विसर्ग घटला की पाचर आणखी आत सरकते. बाहेर पडलेला गोडा पट्टा पावसाळ्यानंतर किनाऱ्यालगतच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे जातो. उपसागरात सगळ्या नद्यांचं आणि पावसाचं मिळून गोड्या पाण्याचं जे आवरण तयार होतं, ते खालचं थंड पाणी वर येऊ देत नाही. पृष्ठभाग ऊबदार राहतो आणि वादळांना त्याचं बळ मिळतं. यात गंगा-ब्रह्मपुत्रेपुढे कृष्णेचा वाटा लहान, हे मान्य. पण उपसागराशी आपलं देणंघेणं नाही असं सोलापूरकरानं तरी म्हणू नये: ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपूर-सोलापूरला झोडपणारी कमी दाबाची प्रणाली काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढली होती.

‘कॉम्प्युटरचा खेळ.’ हा खेळ म्हणजे समुद्राचं संगणकावरचं मॉडेल. ते पाण्याचे छोटे चौकोन पाडतं. खोल समुद्रात मोठे, नदीमुखात बारीक. प्रत्येक चौकोनात पाणी, मीठ, उष्णता आणि वेग यांचा हिशेब क्षणोक्षणी जुळवावा लागतो. आधी एखादं जुनं वर्ष चालवून पाहतात आणि आलेली क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, प्रत्यक्ष मोजमापांशी ताडतात. जुळली नाही तर तळाचं घर्षण किंवा पाण्याची घुसळण नव्यानं तपासायची. हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राच्या अंदाजांसाठी रॉम्स नावाचं असंच मॉडेल वापरते. चौकोनाहून लहान भोवरे त्यातून निसटतात, ते सूत्रानं बसवावे लागतात. ही खरी मर्यादा. पण नदीमुखाच्या मॉडेलला समुद्राकडून भरती-ओहोटी, वरून वारा आणि नदीकडून विसर्ग, हे तिन्ही आकडे द्यावेच लागतात. विसर्ग शून्य धरला तर मुखातलं मीठ साफ चुकतं.