‘कोकणातल्या शाळेत डिजिटल फळा म्हणजे पैसे पाण्यात’: या संदेशाला मुद्देसूद उत्तर

शिक्षकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या गटांत एक संदेश सारखा पुढे ढकलला जातो आहे. त्याचा आशय असा: कोकणातल्या शाळांना इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा, देणे व्यर्थ आहे. ऊर्जास्रोतांचा पाठ म्हणजे पारंपरिक-अपारंपरिक असा तक्ता, तो पाठ केला की गुण मिळतात. पडद्यावर मुले नुसती खेळतात. सौर ऊर्जा दाखवावी तर चार महिने ऊन नाही. वीज टिकत नाही, नेट मिळत नाही आणि खाऱ्या हवेत यंत्र दोन पावसाळेही काढत नाही.

यातले काही अर्धे खरे आहे, म्हणूनच सविस्तर उत्तर द्यायला हवे.

‘तक्ता पाठ केला की झाले.’ तक्ता घोकलेल्या मुलाला एकच प्रश्न विचारा: कोळसा, वायू, अणू आणि पाणी या चारही केंद्रांत शेवटी फिरते काय? बरीच मुले गप्प राहतात. चारही ठिकाणी टर्बाइन, म्हणजे पात्यांचे चाक, वीज तयार करणाऱ्या जनित्राला फिरवते. टर्बाइनला ढकलणारी वस्तू तेवढी वेगळी: कुठे वाफ, कुठे तापलेला वायू, कुठे पाणी. सौर घटात मात्र काहीच फिरत नाही. दहावीच्या ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ या पाठाचा कणा हाच आहे आणि तो दोन रकान्यांत मावत नाही. उलट तक्त्यामुळे एक गोंधळ पक्का होतो. जलविद्युत ‘पारंपरिक’ रकान्यात बसते, म्हणून मुले तिला संपणारा स्रोत समजतात.

पॅनेलचा खरा उपयोग इथे आहे. कोकण किनाऱ्याचा कोरा नकाशा उघडा आणि मुलांना केंद्रे भरू द्या. तारापूर हे देशातले पहिले अणुवीज केंद्र, १९६९ पासूनचे. डहाणूला कोळसा, उरणला वायू. भिऱ्याला मुळशीचे पाणी १९२७ पासून वीज देते आहे. पुढे अंजनवेलला वायू, जयगडला समुद्रमार्गे येणारा कोळसा, पोफळीला कोयनेचे पाणी, देवगडला पवनचक्क्या आणि माडबनला प्रस्तावित अणुप्रकल्प. एवढे प्रकार एका किनारपट्टीवर क्वचितच सापडतात. प्रत्येक ठिकाणाहून एक रेघ इंधन जिथून येते तिकडे ओढायला सांगा, आणि तिथे टर्बाइनला काय ढकलते ते रंगीत पेनाने लिहायला लावा. छापील नकाशावर हे एकदाच करता येते. पॅनेलवर चुकलेली रेघ पुसून ती का चुकली यावर बोलता येते, आणि तास संपल्यावर पान जतन करून पुढच्या तुकडीच्या पानाशेजारी ठेवता येते.

कोयनेला पूर्ण तास द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. नदी पूर्वेला कृष्णेकडे जाणारी, पण वीज करणारे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात उतरवले आहे. पोफळीला ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येते. तिथून कोळकेवाडी धरणात साठते, अलोऱ्याजवळ पुन्हा टर्बाइन फिरवते आणि मग वाशिष्ठीतून चिपळूणकडे जाते. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. आता हिशेब. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: हजार गुणिले ९.८ गुणिले ४७५, म्हणजे सुमारे ४६ लाख ५० हजार ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून हे अंदाजे १.३ युनिट. तेच हजार लिटर शाळेच्या छतावरच्या टाकीतून ५ मीटर खाली सोडले तर ४९ हजार ज्यूल. सगळी ऊर्जा वीज झाली असे धरले तरी ९ वॉटचा एलईडी दिवा दीड तास जळेल, एवढेच. उंचीचा आकडा पॅनेलवरच्या तक्त्यात बदलला की उत्तर लगेच बदलते. धरण सह्याद्रीच्या माथ्यावर आणि वीजघर पायथ्याशी का, हे मुलांना मग वेगळे सांगावे लागत नाही.

‘पडद्यावर मुले खेळतात.’ खेळतात, हे खरे आहे. एक जण बोटाने वस्तू ओढतो आणि बाकीचे बघत बसतात. हा दोष तासाच्या आखणीचा आहे आणि तो दुरुस्त होतो. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात ऊर्जेची रूपे आणि त्यांची रूपांतरे दाखवणारे एक सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा आभासी प्रयोग, मोफत मिळते. त्यात नळ, सूर्य, वाफ सोडणारी किटली आणि सायकलस्वार यांपैकी एक स्रोत निवडायचा. मध्ये जनित्र किंवा सौर पॅनेल लावायचे आणि शेवटी दिवा, पंखा किंवा पाणी तापवणे. ऊर्जेचे तुकडे एका रूपातून दुसऱ्यात जाताना दिसतात. सायकलस्वाराची ऊर्जा संपली की तो थांबतो आणि त्याला खायला द्यावे लागते. अन्न हाही ऊर्जास्रोत आहे, हे त्या एका बटणाने कळते.

क्रम मात्र पाळावा लागतो. आधी प्रश्न: किटलीपुढे सौर पॅनेल ठेवले तर दिवा लागेल का? दोन मिनिटे प्रत्येकाने वहीत उत्तर आणि कारण लिहायचे. मग हात मोजून आकडे पॅनेलच्या कोपऱ्यात लिहायचे. त्यानंतरच चालवायचे. चौघांचा गट करा: एक चालवणारा, एक नोंद घेणारा, दोघे पुढचे पाऊल सांगणारे. तीन-चार मिनिटांनी गट बदला. अंदाज लिहून न घेता थेट चालवले, तर सगळे ‘मला माहीतच होते’ म्हणतात आणि चुकीची समजूत तशीच आत राहते.

आणि हाताला काम दिल्याशिवाय हा तास पुरा होत नाही. सिम्युलेशनमध्ये जनित्र जड लागत नाही. म्हणून सायकल उलटी ठेवा, टायरला ६ व्होल्टचा डायनॅमो टेकवा, मध्ये एक बटण घालून दिवा जोडा आणि पेडल हाताने फिरवा. बटण दाबताच पेडल जड होते. दिवा तारेचा, ३ वॉटच्या आसपासचा घ्या. छोट्या एलईडीने हा जडपणा जाणवत नाही. दिवा लागला नाही तर आधी डायनॅमोची दुसरी जोडणी बघा. ती त्याच्या धातूच्या अंगातून मिळते आणि तिथला रंग किंवा गंज खरवडला नाही तर मंडल पुरे होत नाही. फुकट वीज देणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ का खोटे, हे त्या जड पेडलवरून समजते.

‘चार महिने ऊन नाही.’ हा मुद्दा आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो मोजता येतो. १२ व्होल्ट, १० वॉटचे छोटे सौर पॅनेल आणि व्होल्ट-अँपिअर मोजणारा एक मल्टिमीटर एवढे पुरे. रोज दुपारी साडेबाराला, एकाच जागी, एकाच कोनात ठेवून शॉर्ट सर्किट प्रवाह (सौर पॅनेलची दोन्ही टोके थेट मीटरला जोडल्यावर वाहणारा) मोजायचा आणि शेजारी आकाशाची अवस्था लिहायची. स्वच्छ उन्हात तो साधारण अर्धा अँपिअर किंवा थोडा जास्त येतो. दाट ढगांत त्याचा छोटा अंश उरतो, पण शून्य होत नाही. जून ते डिसेंबरच्या नोंदींचा आलेख डिजिटल पॅनेलवर चढत गेला की ‘पावसात सौर बंद’ या वाक्याच्या जागी आकडा येतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त व्होल्ट मोजणे. उघड्या टोकांचा व्होल्टेज २१ च्या आसपास असतो आणि ढग आले तरी फारसा उतरत नाही. मुले मग ढगांचा परिणाम होत नाही असा निष्कर्ष काढतात. प्रकाशाच्या प्रमाणात बदलतो तो प्रवाह. दुसरी चूक मीटरची: लाल पिन १० अँपिअरच्या भोकात तशीच ठेवून कोणी बॅटरीचे व्होल्ट मोजायला जाते आणि शॉर्ट होते. छोटे सौर पॅनेल शॉर्ट केले तर चालते, बॅटरी कधीच नाही. हे पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

कोनाचाही अंदाज घ्या. रत्नागिरी १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो, म्हणून तेव्हा दक्षिणेकडे ४० अंश कललेले पॅनेल सर्वांत जास्त प्रवाह देते. वर्षभर एकाच जागी बसवायचे तर कोन १७ च्या आसपास ठेवतात. शेवटी माडाच्या झावळीची सावली सौर पॅनेलवर पाडून बघा. सावली थोड्याच भागावर पडते आणि प्रवाह धाडकन खाली येतो, कारण घट एकामागे एक जोडलेले असतात आणि झाकलेला घट बाकीच्यांची वाट अडवतो. परसात माड असलेल्या प्रत्येक घराला हे माहीत असायला हवे.

‘वीज टिकत नाही.’ ७५ इंची डिजिटल पॅनेल मध्यम उजेडावर साधारण २०० वॉट घेते. पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेला आकडा कमाल असतो, त्यावरून घाबरू नये. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॉट-तास मावतात. बॅटरी टिकावी म्हणून निम्मेच वापरले आणि इन्व्हर्टरची तूट वजा केली तरी सातशेच्या वर उरतात, म्हणजे साडेतीन तास. त्याच इन्व्हर्टरवर पंखे टाकले तर हा हिशेब कोसळतो.

‘नेट नाही.’ लागतच नाही. फेटची नवी सिम्युलेशन एकेका फाइलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येतात. फाइल पॅनेलच्या आतल्या साठ्यात टाका आणि क्रोमने उघडा. जावावर चालणारी जुनी सिम्युलेशन पॅनेलवर चालत नाहीत, ती उतरवूच नका.

‘खारी हवा.’ ही तक्रार खरी आहे, पण यंत्र बहुतेक हयगयीने मरते. पश्चिमेच्या पाझरणाऱ्या भिंतीवर पॅनेल लावू नका. आतल्या भिंतीवर चार-पाच इंच पोकळी सोडून लावा. पावसाळ्यात सुट्टीतही रोज अर्धा तास चालू ठेवा, म्हणजे आतली उष्णता ओल बाहेर काढते. प्लॅस्टिकच्या आच्छादनात गुंडाळले तर ओल आत कोंडते. स्पर्श ओळखणारे इन्फ्रारेड किरण चौकटीच्या कडेने जातात. तिथे कोळ्याचे जाळे, मुंग्या किंवा पालीची घाण साचली की पडदा आपोआप क्लिक करू लागतो आणि लोक यंत्र बिघडले म्हणतात. कोरड्या मऊ फडक्याने कडा पुसल्या की बहुधा सुटते. पाण्याचा फवारा मारू नये.

जांभ्या दगडात अर्थिंग हा वेगळाच त्रास आहे. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो आणि विजेच्या झटक्यापासून यंत्र वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर नावापुरता उरतो. अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घाला आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मीटरने बघा. दोन-तीनच्या वर गेला तर वायरमनला बोलवा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की बटण बंद करणे पुरत नाही. प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढून ठेवा.

पॅनेल फक्त व्हिडिओ लावायला वापरले तर ते महागडा टीव्ही होते, आणि तेवढ्यापुरती त्या संदेशाची तक्रार आम्हाला मान्य आहे. त्यासाठी एक जोडणी सुचवतो. पॅनेलच्या प्लगला छोटा वॉटमीटर लावा आणि आकडा मुलांना वाचू द्या. २०० वॉटवर ४५ मिनिटांचा तास म्हणजे ०.१५ युनिट. पोफळीच्या यंत्रांची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या जरा खाली धरली, तर या एका तासासाठी सुमारे १३० लिटर पाणी सह्याद्रीवरून खाली यावे लागते. तारांतली गळती धरली तर आणखी थोडे. हा आकडा मुलांनी स्वतः काढायचा.