दिवा लागायच्या आधीची तलवार

मागच्या रविवारी भाच्याच्या जिल्हा स्पर्धेला गेलो होतो. तलवारबाजी. तो त्यातला इपी हा प्रकार खेळतो, म्हणजे डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही टोक लागलं तरी गुण. त्याचं टोक समोरच्याच्या दंडावर टेकलेलं मी पाहिलं, त्याच्या आईने पाहिलं आणि त्या समोरच्या पोरालाही जाणवलं असणार. पण गुण दाखवणारा यंत्राचा दिवा लागला नाही. तलवार यंत्राला जोडणारी बॉडी वायर ढिली होती. पंच म्हणाले, दिवा नाही तर गुण नाही. समोरचा पोरगा गप्प उभा. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, नियमच तसा आहे. पण परतताना गाडीत मला राहून राहून जॉर्ज कॅल्नन आठवत होता.

कॅल्नन हा १९०० साली बॉस्टनमध्ये जन्मलेला, अमेरिकन नौदलातला अधिकारी. १९२० ते १९३२ अशी लागोपाठ चार ऑलिंपिक तो खेळला. १९२८ला ॲम्स्टरडॅममध्ये इपीच्या वैयक्तिक प्रकारात त्याला कांस्य मिळालं. पुढे होते ते ल्युसियाँ गोदँ आणि जॉर्ज ब्युशार, दोघेही फ्रेंच. त्या काळी तलवारबाजी म्हणजे फ्रान्स आणि इटली यांच्या घरचं कार्य, बाकीचे आमंत्रित. अशा पंगतीत बोटीवरची नोकरी सांभाळून येणाऱ्या माणसाला पान मिळालं, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि तेव्हा दिवा नव्हता. आता तलवारीच्या टोकावर पाऊण किलोचा दाब पडला की यंत्र बोलतं. पण ऑलिंपिकमध्ये इपीला ते यंत्र आलं १९३६ साली, बर्लिनला. कॅल्ननच्या वेळी टोकाला तीन बारीक काटे असायचे, ते कापडात अडकायचे आणि पंच डोळ्यांत तेल घालून बघायचे. क्षणार्धाचा खेळ, डोळ्यांना किती दिसणार? म्हणून रीत अशी की ज्याला लागलं त्यानेच सांगायचं, "लागला". गुण स्वतःच्या विरोधात जात असला तरी.

सगळे हरिश्चंद्राचे अवतार होते असं मात्र समजू नका. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंचांच्या निर्णयावरून भडका उडून इटलीचा संघ सांघिक फॉइलमधून, म्हणजे तलवारबाजीच्या दुसऱ्या एका प्रकारातून, निघून गेला. ते भांडण इतकं चिघळलं की पुढे त्यातून खऱ्या तलवारींची द्वंद्वं झाली. त्यातल्या एकात लढलेला जॉर्जो सँटेली नंतर चक्क अमेरिकेच्या संघाचा प्रशिक्षक झाला! तर अशा गरम डोक्यांच्या खेळात "लागला" म्हणायची रीत होती. मला तर त्यामुळेच तिची किंमत जास्त वाटते.

३० जुलै १९३२. लॉस एंजेलिसचं कोलिसियम, लाखभर माणसं. सगळ्या देशांच्या खेळाडूंच्या वतीने ऑलिंपिकची शपथ घ्यायला उभा राहिला तो हा कॅल्नन. नियम पाळू, खिलाडूवृत्तीने खेळू, देशाच्या मानासाठी आणि खेळाच्या गौरवासाठी. ही शपथ पहिल्यांदा घेतली गेली १९२०ला अँटवर्पमध्ये, म्हणजे त्याच्याच पहिल्या ऑलिंपिकमध्ये, आणि घेणारा व्हिक्टर बोआं हाही तलवारबाजच. लॉस एंजेलिसला कॅल्ननला फॉइल आणि इपी अशी दोन सांघिक कांस्यपदकं मिळाली.

त्यानंतर जेमतेम आठ महिने.

३ एप्रिल १९३३च्या संध्याकाळी नौदलाचं 'ॲक्रन' हे हवाई जहाज न्यू जर्सीच्या लेकहर्स्ट तळावरून उडालं. विमान नव्हे, हेलियम वायू भरून हवेत तरंगणारं, सुमारे २३९ मीटर लांब. आत ७६ माणसं, त्यात कॅल्नन. मध्यरात्रीनंतर वादळात सापडून त्याची शेपटी समुद्रावर आपटली आणि जहाज मोडलं. ७३ जण गेले. बहुतेक जण आपटून नाही, तर गार पाण्यात बुडून आणि गारठून गेले. कारण कुणालाही जीवरक्षक जॅकेट दिलेलं नव्हतं. समुद्रावरून उडणारं जहाज, नौदलाचं, आणि जॅकेट नाही! रबरी तराफा एकच, तोही काढायला वेळ मिळाला नाही. कॅल्नन ३३ वर्षांचा होता.

हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज आपल्या सगळ्यांना माहीत असतं, कारण ते कॅमेऱ्यासमोर पेटलं, त्याच लेकहर्स्टला, १९३७ साली. तिथे ३६ जण गेले, ॲक्रनमध्ये त्याच्या दुप्पट. पण काळोख्या समुद्रावर कॅमेरा कुठून येणार? कॅल्ननचा शपथेचा फोटो सापडतो, हात वर केलेला. मी तोच बघत बसतो.

ॲक्रनचं जुळं भावंड 'मेकन' १२ फेब्रुवारी १९३५ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ असंच समुद्रात पडलं. ८३ पैकी ८१ वाचले. या वेळी जॅकेटं होती. मेकनचा कप्तान हर्बर्ट वायली, ॲक्रनमधून वाचलेल्या तिघांपैकी एक.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने शपथेबद्दल काही विचारलं नाही, पदकांबद्दलही नाही. म्हणाला, "मामा, मग वायली आणि कॅल्नन एकमेकांना ओळखत असतील ना?"

म्हटलं, एकाच जहाजावर होते रे, ओळखत असणारच.

थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, त्या पोराला खरंच लागलं होतं. मी म्हटलं, माहितीये. आता नवी बॉडी वायर आणायची आहे.