ऑनलाइन पदवी म्हणजे नुसता कागद? त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. सार असं: ऑनलाइन पदवी सरकारी नोकरीला चालत नाही, परीक्षा घरी बसून कॉपी करून देतात, बहुतेकजण मध्येच सोडतात, ज्याला कुठंच प्रवेश मिळत नाही, तोच तिकडे वळतो.

पहिला मुद्दा साफ चुकीचा आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2020 चे विनियम आणि सप्टेंबर 2022 मधलं स्पष्टीकरण, दोन्हींत एकच गोष्ट आहे: मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. ही मान्यता सरसकट सगळ्यांना मिळत नाही. शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे 4 पैकी किमान 3.01 गुण किंवा केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत पहिल्या शंभरातलं स्थान, असे निकष त्यासाठी आहेत. काही विषय मात्र ऑनलाइन शिकवायला परवानगीच नाही: अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा आणि हॉटेल मॅनेजमेंटसुद्धा. गोव्यात या शेवटच्या नावाकडे नीट लक्ष द्या. हॉटेल मॅनेजमेंटची ऑनलाइन पदवी मिळवून देतो म्हणणारा एजंट दारात आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

कॉपीचं म्हणाल, तर सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं वजन किमान 70 टक्के असतं, आणि ती केंद्रावर किंवा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली द्यावी लागते. आयआयटी मद्रासचा 2020 मध्ये सुरू झालेला डेटा सायन्सचा अभ्यासक्रम घ्या. शिकवणी ऑनलाइन, पण मुख्य परीक्षांना केंद्रावर जाऊन बसावंच लागतं. देखरेखीत पळवाटा निघतात, हे खरं. पण पळवाटा वर्गातल्या परीक्षेतही निघतात.

गळतीचा मुद्दा खरा आहे, फक्त तो दुसऱ्याच गोष्टीला लागू आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या मोफत, खुल्या कोर्सेसचा अभ्यास 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. 2017-18 मध्ये नाव घातलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी कोर्स पुरा केला होता. पण त्याच कोर्सेसना प्रमाणपत्रासाठी पैसे भरून बसलेल्यांत हे प्रमाण 46 टक्क्यांच्या आसपास होतं. सहज डोकावून जाणारा आणि फी भरून पदवीला बसलेला, या दोघांना एकाच मापानं मोजणं चूक आहे.

उरला शेवटचा मुद्दा, आणि राग येतो तो त्याचाच. कुठं प्रवेश न मिळालेलेच तिकडे जातात? वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीनं काम करणारा मुलगा रोज दहा वाजता कॉलेजात कसा बसणार? ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत किनाऱ्यावरच्या हॉटेलात राबणाऱ्याची हजेरी कशी भरणार? 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा पडल्या. त्याआधी डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या कितीतरी मुलांनी खनिज वाहणाऱ्या ट्रकाच्या भरवशावर शिक्षण सोडलं होतं. घर चालवायचं असताना तिशीत पुन्हा पदवीला बसायचं, तर त्यांना दुसरी वाट कोणती? वाळपईच्या पलीकडल्या गावात लग्न होऊन गेलेली, कडेवर मूल असलेली बाई रोज ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात जाऊन एमए करू शकत नाही. रात्री मूल झोपल्यावर ती व्याख्यान ऐकू शकते. एआयएसएचई या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीच्या 2020-21 च्या अहवालानुसार देशात दूरस्थ शिक्षण घेणारे 45.71 लाख होते आणि त्यांत 20.9 लाख महिला. या बायकांना कुणीतरी ‘प्रवेश न मिळालेल्या’ म्हणतो आणि आपण तो मेसेज पुढं ढकलतो.

तक्रार करायचीच असेल, तर खऱ्या अडचणींची करा. लॉकडाउनमध्ये सत्तरी-सांग्यातली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती. अशा गावात ऑनलाइन पदवीची जाहिरात पोचते, पण व्याख्यान तुटत तुटत ऐकू येतं. शंका विचारायला समोर शिक्षक नसतो, बरोबरीचे विद्यार्थी नसतात, प्रयोगशाळा नसते. अठरा वर्षांच्या मुलाला कॉलेजात जाणं परवडत असेल, तर त्यानं कॉलेजातच जावं, असंच मी सांगेन.

आणि फी भरण्यापूर्वी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि चालू सत्र, तिन्हींची नावं स्वतः पाहा. विद्यापीठाला मान्यता आहे, पण नेमक्या त्या अभ्यासक्रमाला नाही, असंही असू शकतं.