‘सहल’ या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

माझ्या मागच्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ३४ वर्षे सेवा करून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या शिक्षकाने वेळ काढून एवढे सविस्तर लिहिले, याबद्दल आधी मनापासून आभार. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, की जर्मनीतील डॉर्टमुंडमधील आमची शाळा, स्पेनमधील एक शाळा आणि रुमानियातील एका लहान गावाची शाळा अशा तिघींनी युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस या शिक्षणासाठी निधी देणाऱ्या कार्यक्रमातून २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षे मिळून जे काम केले, त्याची हकिकत मी त्यात लिहिली होती. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे न काढता त्याच वर्गात कसे शिकवता येईल, हा त्या कामाचा विषय होता.

आपली प्रतिक्रिया मोठी आहे. तिच्यात माझ्या लेखातील एक चूक आपण दाखवली आहे, परिणामांचे आकडे मागितले आहेत, अर्जांच्या किचकट कागदपत्रांविषयी लिहिले आहे आणि जर्मनीच्या शाळापद्धतीवर टीका केली आहे. या सगळ्याच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘थोडक्यात, हे सगळे म्हणजे सरकारी खर्चाने शिक्षकांची युरोप सहल असून वंचित मुले केवळ अर्ज भरण्यापुरती लागतात.’ खरे सांगायचे तर बाकीची प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली, पण या वाक्यापाशी अडखळले, आणि हे उत्तर मुख्यतः त्याच वाक्याला आहे.

आधी चुकीविषयी. शाळांसाठीचा कोमेनियस कार्यक्रम १९८७ मध्ये सुरू झाला, असे मी लिहिले होते, ते चूक आहे. १९८७ मध्ये सुरू झाला तो विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीचा इरॅस्मस. कोमेनियस आला १९९५ मध्ये, सॉक्रेटिस या मोठ्या कार्यक्रमाचा भाग म्हणून, आणि पुढे २०१४ मध्ये हे सगळे प्रवाह इरॅस्मस प्लस या एका नावाखाली आणले गेले. चूक आपण दाखवली, मी ती मान्य करते. ज्या कोमेनियसचे नाव त्या कार्यक्रमाला दिले होते, तो १५९२ मध्ये मोराव्हियात जन्मलेला आणि युद्धामुळे मायभूमी सोडावी लागलेला शिक्षक होता. देशोदेशी भटकत त्याने शिकवले आणि १६७० मध्ये आम्स्टरडॅममध्ये तो वारला. त्याच्या नावाने चाललेल्या कामाला कोणी सहल म्हणावे, याचे म्हणूनही वाईट वाटते.

आता त्या शब्दाकडे येते. सर, आपण ‘भेट’ म्हणू शकला असता, ‘दौरा’ म्हणू शकला असता, ‘या प्रवासातून नेमके काय साधले’ असे विचारू शकला असता. कोणताही प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार होता आणि मी त्याचे उत्तर दिले असते. ‘सहल’ या शब्दात प्रश्न नाही. त्यात निकाल आधीच लावलेला आहे आणि तोही न पाहता. आपण आमचा वर्ग पाहिलेला नाही, स्पेनमधील शाळा पाहिलेली नाही, आम्ही काय घेऊन परतलो हेही आपल्याला माहीत नाही. आयुष्यभर मुलांना ‘आधी वाचा, मग उत्तर लिहा’ असे सांगितलेल्या माणसाकडून मला ही अपेक्षा नव्हती.

खर्चाचे म्हणाल तर तोही सांगते. आमचा प्रकल्प लहान भागीदारीच्या प्रकारातला होता. या प्रकारात ३०,००० किंवा ६०,००० युरो अशी ठोक रक्कम मिळते. आम्हाला ६०,००० मिळाले. तीन शाळा आणि २४ महिने असा हिशेब केला, तर एका शाळेच्या वाट्याला महिन्याला ८३३ युरो येतात. प्रवास, मुक्काम, भाषांतर, साहित्य, पालकांच्या बैठका, सगळे त्यातूनच भागवायचे होते. मी आणि माझी सहकारी स्पेनला पाच दिवसांसाठी गेलो, दोघी एका खोलीत राहिलो, आणि त्या पाच दिवसांच्या बुडालेल्या तासिका परत आल्यावर भरून काढल्या. रोज सकाळी नऊ ते दोन आम्ही वर्गात बसत होतो आणि संध्याकाळी त्या दिवसाच्या टिपणांवरून आमच्या वर्गासाठी टाचण काढत होतो. यात सहल कुठे बसते ते आपणच सांगावे.

त्या पाच दिवसांत काय पाहिले, तेही लिहिते, कारण मूळ लेखात मी ते एका ओळीत उरकले होते. शाळा ज्या वस्तीत आहे तिथे बहुतेक घरे स्पेनमधील रोमा (ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत) समाजाची आहेत. गणिताच्या तासाला वर्गाचे चार गट केले होते, प्रत्येक गटात पुढची आणि मागे पडलेली मुले मिसळून, आणि प्रत्येक गटाजवळ बाहेरची एक मोठी व्यक्ती. वीस मिनिटे झाली की ती व्यक्ती पुढच्या गटाकडे जाई. मी ज्या गटामागे बसले होते तिथे एक आजी होत्या, काळी शाल घेतलेल्या, आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. प्रश्न होता, दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश. एका मुलाने दोन तृतीयांश असे लिहून टाकले, कारण तीन भागांतला तुकडा चार भागांतल्या तुकड्यापेक्षा मोठा असतो. आजींनी विचारले, ‘का?’ त्याने सांगितले. आजी म्हणाल्या, ‘मला समजले नाही, आणि मला समजेपर्यंत कोणी पुढे जायचे नाही.’ तेव्हा त्याच्या शेजारच्या मुलीने कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या फाडल्या, एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार, आणि प्रत्येकीचा एकेक तुकडा मागे दुमडला. ‘उरलेले मोजू नकोस, दुमडलेला तुकडा बघ,’ ती म्हणाली. ‘ज्याचा लहान तुकडा गेला त्याच्याकडे जास्त उरले.’ तो मुलगा पट्ट्यांकडे बघत राहिला आणि मग त्याने आपणहून उत्तर खोडले. आजींनी त्याला काहीही शिकवले नव्हते. त्यांचे काम एवढेच होते, की गटातल्या प्रत्येकाला कळल्याशिवाय गट पुढे सरकू द्यायचा नाही.

ही पद्धत आम्ही किंवा त्या शाळेने शोधलेली नाही. बार्सिलोना विद्यापीठातील रामोन फ्लेचा यांच्या नेतृत्वाखाली २००६ ते २०११ या काळात ‘इन्क्लूड-एड’ नावाचा युरोपीय संशोधन प्रकल्प झाला. कच्ची मुले वेगळ्या वर्गात काढण्यापेक्षा जास्तीची माणसे त्याच वर्गात आणावीत, हा त्यातला मुख्य धागा होता, आणि हे गटही त्यातच अभ्यासले गेले. त्याविषयी मी डॉर्टमुंडमध्ये बसून चार वर्षे वाचत होते. वाचून मला पद्धत समजली होती, पण आजींनी ‘का?’ किती वेळा विचारला आणि प्रत्येक वेळी किती वेळ गप्प राहिल्या, हे वाचून समजत नाही. ते पाहण्यासाठी तिथे जावेच लागले.

आणि सर, हे आपल्याला मी सांगावे का? सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे त्या परिसरातील शाळांच्या गटातल्या, शाळा पाहायला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक गाड्या करून येत होते. तिथल्या वर्गात मुले जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर, गोट्या आणि काड्यांचे गठ्ठे घेऊन शिकत होती, आणि ते डोळ्यांनी पाहिल्यावर कितीतरी शिक्षकांनी आपापल्या वर्गाच्या फरशा रंगवल्या. त्यांनाही आपण सहलीला गेलेले म्हणणार आहात का? की तालुका ओलांडला तर अभ्यासभेट आणि सीमा ओलांडली तर सहल, असा काही नियम आहे?

त्या वाक्याचा दुसरा भाग मला जास्त लागला. ‘वंचित मुले केवळ अर्ज भरण्यापुरती.’ मी हे सहसा लिहीत नाही, पण आपण भाग पाडले म्हणून लिहिते. मी बीड जिल्ह्यातील आहे आणि माझे आईवडील ऊसतोड कामगार होते. दिवाळी झाली की आमचे बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर जाई आणि उन्हाळा लागेपर्यंत आम्ही कोपीत राहत असू. दुसरीत आणि तिसरीत माझी निम्मी शाळा बुडाली. परत आल्यावर मला शेवटच्या बाकावर बसवले जाई, आणि एका गुरुजींच्या वहीत माझ्या नावापुढे ‘मंद’ असा शब्द लिहिलेला मी स्वतः वाचला, कारण तोवर मला वाचता येऊ लागले होते आणि हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. चौथीत दुसऱ्या बाई आल्या. त्या शेजारच्या तालुक्यातील एका शाळेत आठवडाभर बसून आल्या होत्या, आणि आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी बाक भिंतीला लावून आम्हाला गोल बसवले. त्यांचा तो आठवडा जर कोणी वाया गेलेला प्रवास ठरवला असता, तर मी आज हे उत्तर लिहायला इथे नसते. म्हणून वंचित मुलांविषयी मला कोणी काय शिकवावे, याला एक मर्यादा आहे.

तो शब्द फक्त त्या गुरुजींच्या वहीत नव्हता. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना मोठ्या प्रमाणावर मतिमंदांच्या विशेष शाळांत घातले जात होते. त्यांपैकी १८ मुलांच्या खटल्यात मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. आमच्या रुमानियन भागीदार शाळेतील मुले आणि आमच्याकडे डॉर्टमुंडच्या नॉर्डश्टाट या वस्तीत येणारी रुमानियन आणि बल्गेरियन मुले अनेकदा त्याच समाजातली असतात. कधी कधी तर तीच मुले असतात, कारण कुटुंब वर्षातून दोनदा इकडून तिकडे जाते आणि दोन्हीकडे त्यांचे नाव हजेरीपटावरून कमी होत राहते. दोन्ही शाळांतील शिक्षक एकमेकांना ओळखू लागल्यावर निदान आमच्यापुरते एक झाले: मूल निघाले की त्याची वही आणि कुठपर्यंत शिकवले याची चिठ्ठी त्याच्या आधी पोहोचू लागली. ऊसतोडीच्या तळावर जाणाऱ्या मुलीसाठी कोणी अशी चिठ्ठी लिहिली असती, तर काय झाले असते, हे मला माहीत आहे. आपल्याला त्याची कल्पना नसावी, असे आपल्या वाक्यावरून वाटते.

आमच्या वर्गात पुढे काय झाले, हेही सांगते. गटांसाठी आम्ही वस्तीतून माणसे बोलावली. त्यात पोलाद कारखान्यात ३१ वर्षे काम करून निवृत्त झालेले एक तुर्की गृहस्थ आहेत. वर्गात बल्गेरियातील प्लोवदिवहून आलेली एक मुलगी होती, जी सप्टेंबरपासून नाताळापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिच्या घरी तुर्की बोलतात हे मला माहीत होते, पण त्याचे काय करावे हे कळत नव्हते. जानेवारीत ते गृहस्थ तिच्या गटात बसले आणि जर्मनमध्ये अडखळत म्हणाले, ‘मला हे गणित जमत नाही, तू सांग.’ तिने आधी तुर्कीत सांगितले, मग गटातल्या बाकीच्यांना कळावे म्हणून दोन शब्द जर्मनमध्ये. त्या दोन शब्दांत व्याकरणाच्या तीन चुका होत्या आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला मुलांसमोर रडायचे नव्हते.

उरलेल्या मुद्द्यांविषयी थोडक्यात. आकडे: एका शाळेतील दोन वर्षांच्या कामातून आपल्याला हवे तसे आकडे निघत नाहीत, आणि ज्यांना प्रत्येक गोष्ट टक्क्यांत हवी असते त्यांचे समाधान माझ्याने होणार नाही. कागदपत्रे: ती जास्त आहेत हे सगळेच म्हणतात. लहान संस्थांना सोपे जावे म्हणूनच २०२१ मध्ये लहान भागीदारीचा प्रकार आणला गेला, आणि आम्ही दोघींनी तो अर्ज रविवारी बसून भरला. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते हे खरे आहे. पिसा या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या पहिल्या फेरीचे निकाल २००१ मध्ये आल्यापासून इथे त्यावर वाद चालू आहे. त्यात आपण नवे काही सांगितलेले नाही, आणि शिक्षकांनी दुसऱ्या देशातला वर्ग पाहू नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

कोमेनियसच्या वर्षाची दुरुस्ती मी मूळ लेखात केली आहे आणि ती आपण दाखवल्याचे तिथे नमूद केले आहे. आपली प्रतिक्रिया काढून टाकावी असे दोन वाचकांनी सुचवले होते, ती मी काढलेली नाही. गुरुवारी दुसऱ्या तासाला आमच्याकडे गट बसतात. आपला मुलगा फ्रँकफुर्टला असतो असे आपण लिहिले आहे, तेव्हा आपण कधी त्याच्याकडे आलात तर डॉर्टमुंड तिथून फार लांब नाही. तुम्ही या आणि एका गटाजवळ बसा. तुम्हाला जर्मन येत नाही याची अडचण होणार नाही, उलट मुलांना तुम्हाला समजावून सांगावे लागेल.